दादा, तुमची शेगडी आणि आपली पैज

दादा, तुम्ही गेलात त्या दुपारी लाइट गेली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्ही पहिल्यांदा तेच विचारलं असतंत. लाइट होती, रेडिओवर हवामानाचा अंदाज चालला होता, आणि तुम्ही शेगडीसमोरच्या खुर्चीत चहा संपवून डोळे मिटलेत. कप रिकामा होता. अर्धा चहा टाकून उठणाऱ्या माणसांबद्दल तुमचं मत काय होतं ते मला ठाऊक आहे, त्यामुळे रिकामा कप बघून रडता रडतासुद्धा मला बरं वाटलं.

परवा तेरावा झाला. लंडनच्या हाउन्सलोहून गुरुजी आले होते. त्यांनी काडेपेटी मागितली, तर ईरानं तुमची जॅमची बरणीच आणून पुढ्यात ठेवली, काड्यापेट्यांनी गच्च भरलेली. गुरुजी म्हणाले, "एवढ्या?" तर तुमची नात म्हणते, "आजोबा म्हणायचे, दमट हवेत एक पेटी कधी दगा देईल सांगता येत नाही." सगळे हसले. तेराव्याला हसू नये म्हणतात, पण तुमच्या तेराव्याला न हसणं कुणाला जमलं असतं?

लोक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलून गेले. इतकं चांगलं, की हे दुसऱ्याच कुणाच्या घरी जायचे चुकून इथं आले की काय, अशी मला शंका आली. मनमिळाऊ म्हणे, शांत म्हणे. तुमच्या हट्टीपणाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तेव्हा ते काम सुनेनंच करायला हवं.

मी लग्न होऊन औरंगाबादहून मिल्टन कीन्सला आले, ते आमच्याकडचे भारनियमनाचे दिवस. लाइट आली की पळापळ: आधी मोटर लाव, मग मिक्सर, मग इस्त्री. निघताना मी मैत्रिणींना ऐटीत सांगितलं होतं, आता मेणबत्ती फक्त केकवर. आणि पहिल्याच रविवारी समीर मला तुमच्याकडे घेऊन आला. मिल्टन कीन्सचे ते न संपणारे राउंडअबाउट संपले, शेतं लागली, तुमचं ते चार गल्ल्यांचं गाव आलं. मी वाकून नमस्कार केला, तुम्ही आशीर्वाद दिलात, आणि सरळ जिन्याखालचं कपाट उघडून दाखवलंत. नव्या सुनेला कुणी देवघर दाखवतं, कुणी दागिने. तुम्ही मीटर, मेन स्विच आणि त्याखालच्या फळीवर मांडलेला संसार दाखवलात: मेणबत्त्या, टॉर्च, थर्मास, किल्ली फिरवून चालणारा रेडिओ आणि वायरचा जुना फोन, कारण कॉर्डलेस फोन लाइटशिवाय मुका.

"दादा, इथं लाइट जाते?" मी घाबरून विचारलं.

"जाते म्हणजे? जात नसती तर एवढी तयारी मी कशाला केली असती?"



"मंजिरी, लास्ट टाइम लाइट गेली तेव्हा मी शाळेत ए-लेव्हल्स करत होतो," समीर म्हणाला.

"म्हणजे आता जायची वेळ झाली," तुम्ही म्हणालात, आणि कपाट लावलंत.

मागाहून मला त्यामागची गोष्ट कळली. तुम्ही रेल्वेच्या कारखान्यात नवे नवे इंजिनिअर म्हणून लागलात, समीर आईंच्या पोटात होता, आणि त्या हिवाळ्यात या देशात लाइट पाळीपाळीनं जायची. गावात गॅसची लाइन नव्हती, आजही नाही. तेव्हा सगळी आळी आपापली पातेली घेऊन आईंच्या शेगडीवर सूप गरम करायला यायची. तोवर ज्यांनी आईंना साधं हॅलोसुद्धा केलं नव्हतं, त्या बायका खुर्चीवर बसून त्यांच्याकडून वरणाची फोडणी शिकून गेल्या. शेजारची पॅट त्यातलीच. तुम्ही म्हणायचात, "आपल्याला या गावानं आत घेतलं ते अंधारात." हे सांगून झालं की तुम्ही उगाच शेगडीची जाळी हलवायला उठायचात.

ती शेगडी! बिडाची, काळीकुळकुळीत, पुढं काचेचं दार, वर सपाट तवा, मागून धुराडं. आईंनी तिला पहिल्या दिवशी शेगडी म्हटलं, म्हणून ती कायमची शेगडी झाली. तिच्यापुढं तुम्ही मला उभं करून शिकवलंत. सकाळी आधी जाळी हलवायची, राख खाली पाडायची, ट्रे बाहेर नेऊन रिकामा करायचा. थंडगार झालेली राख गोठलेल्या पायवाटेवर टाकायची, म्हणजे पॅट घसरत नाही. मग खालचा झरोका उघडायचा. "कोळसा ओतायचा नाही, मंजिरी, ठेवायचा. पाहुण्याला ताटात वाढतात तसा." रात्री कोळशाचा चुरा पसरून झरोका मिटायचा आणि विस्तव दाबून ठेवायचा. आणि खोलीची खिडकी बोटभर उघडी. ती मी थंडीमुळं लावली की तुम्ही उघडायचात, तुम्ही उघडली की मी लावायची, शेवटी तुम्ही तिच्या फटीत लाकडाची पाचर ठोकून टाकलीत. धूर दिसतो, पण कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, हे तुम्ही ईराच्या पाळण्याकडे बोट दाखवून सांगितलंत, तेव्हा माझी कटकट थांबली.

आणि माझा तो पराक्रम! आमची आजी रात्री शेगडीतल्या कोळशांवर पाणी शिंपडायची, म्हणजे विझलेले कोळसे उद्याला उपयोगी पडतात. मी विचार केला, सासऱ्यांचा कोळसा वाचवावा. तुम्ही पॅटकडे गेला होतात. मी तांब्याभर पाणी घेतलं आणि लाल निखाऱ्यांवर मारलं. असा फुस्कारा उठला की मी किंचाळलेच, आणि पाठोपाठ बीड तडकल्याचा आवाज. तुम्ही धावत आलात, राखेनं माखलेल्या माझ्याकडे पाहिलंत, मग तव्यावरच्या त्या तड्याकडे. मला वाटलं, आता औरंगाबादचं परतीचं तिकीट. तर तुम्ही खाली बसून हसत सुटलात. "आमच्या आईनं अगदी हेच केलं असतं. अगदी हेच!" इंग्लंडात आल्यापासून तुमच्या आईची इतक्या जवळून आठवण करून देणारं माणूस तुम्हाला भेटलं नव्हतं म्हणे. तो तडा तुम्ही काळ्या सिमेंटनं बुजवलात. अजून दिसतो. आल्या-गेल्याला तुम्ही तो कौतुकानं दाखवायचात, "हा आमच्या सूनबाईंचा."

आई गेल्यावर समीरनं तुमच्यामागं लकडा लावला. तुम्ही आमच्याकडे या, एकटं राहू नका, घरात जिने आहेत, बर्फात कोळसा आणता, पडलात तर कोण बघणार. त्याचं चुकत नव्हतं, दादा. तो तुमच्या काळजीनं रात्री कूस बदलत राहायचा, हे मी त्याच्या शेजारी झोपून बघितलंय. पण आमच्या घरात सगळं विजेवर, भिंतीवरचे पांढरे हीटर, धुराडं नाही. तुम्ही एकदा येऊन हीटरला हात लावून बघितलात आणि म्हणालात, "याच्यापुढं बसून माणूस काय बोलणार?"

मग तुम्ही ती पैज काढलीत. ऑक्टोबरात या देशात घड्याळं तासभर मागं घेतली की हिवाळा सुरू, मार्चात पुढं केली की संपला. "या मुदतीत माझ्याकडे लाइट एकदाही गेली नाही, तर मी बाडबिस्तरा घेऊन तुमच्याकडे येतो. गेली, तर या घराला माझी गरज आहे असं समजायचं, आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत कुणी विषय काढायचा नाही."

"डन," समीर म्हणाला. त्याला वाटलं, इंग्लंड आहे, आपण जिंकलो.

पहिल्याच जानेवारीत काय वारं सुटलं! ईराची पहिली संक्रांत होती, बोरन्हाण तुमच्याकडे ठरलं होतं. तुम्ही आठवडाभर आधीपासून हलवा करत होतात. आई करायच्या, त्या गेल्यावर तुम्ही शिकलात. शेगडीच्या तव्यावर पितळी परात, त्यात तीळ, चमच्यानं पाक घालायचा आणि बोटांनी हलवत राहायचं, घाई नाही, बोलणं नाही. आम्ही पोचलो आणि तासाभरात लांब कुठंतरी झाड तारांवर पडलं. टीव्ही गेला, ओव्हन गेला, समीरचा चेहरा गेला. तुमचा मात्र असा उजळला, की मेणबत्ती लावायची गरज नव्हती.

"लाइट गेली!" तुम्ही ओरडलात. मुलगा झाला म्हणून लोक पेढे वाटताना ओरडतात तसे.

ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आली नाही. पॅट आपल्या मांजरांना टोपलीत घालून आली आणि राहिलीच. तुम्ही निखाऱ्यावर वांगी भाजलीत, मी भाकरी थापल्या, पॅट भरीत खाऊन पाणी पाणी करत राहिली पण ताट सोडेना. आणि त्या मंद आचेवर हलव्याला असा काटा आला! मी आमच्या इलेक्ट्रिक शेगडीवर करून बघितला होता तर नुसते साखरेचे गोटे झाले होते. आपण दोघांनी मिळून ईराचा मुकुट, हार, बाजूबंद ओवले. समीर तिला मांडीवर घेऊन शेगडीसमोर बसला होता, आणि मी त्याला पहिल्यांदा आईंबद्दल बोलताना ऐकलं. हीटरपुढं तो कधी बोलला नव्हता.

तिथूनच आपला तो वाद सुरू झाला. हलव्याला काटा थंडीनं येतो, असं माझं म्हणणं, आचेनं येतो, असं तुमचं. दर संक्रांतीला वाद, दर संक्रांतीला बरोबरी. तुम्ही गेल्यावर भांडायला कुणी उरलं नाही, तेव्हा ऐका: आचेनं येतो. थंडी तर आमच्या घरात मी खिडक्या उघडूनही आणली होती. आता हसा.

पुढचे दोन हिवाळे लाइट आपणहून गेली, एकदा बर्फानं, एकदा म्हणे खारीनं. चौथ्या हिवाळ्यात मात्र ती हलेचना. नोव्हेंबर गेला, संक्रांत झाली, फेब्रुवारीत बर्फ पडून वितळलासुद्धा. मार्चात तुम्ही फोनवर कमी बोलायला लागलात. समीरनं मागची खोली रंगवली. तुमच्या आवडीचा फिकट पिवळा रंग शोधत तो दुकानं फिरला. त्याच्या आनंदाकडे बघून मला धड हसूही येईना आणि धड रडूही.

घड्याळं पुढं करायच्या आदल्या शनिवारी आम्ही तुमच्याकडे आलो. बॅगा न्यायच्याच तयारीनं. तुम्ही चहा केलात. जेवणाची वेळ झाली, बाहेर अंधार पडला.

"दादा, खोली रेडी आहे हं," समीर म्हणाला. "मी स्वतः पेंट केली."

"हो, हो. जरा कोळसा घेऊन येतो." तुम्ही बादली उचललीत.

कोळशाची कोठी मागच्या दाराबाहेर आहे, दादा. मागचं दार वाजलं नाही. वाजलं ते जिन्याखालचं कपाट, आणि मग एक बारीकसं 'टक'. सगळा अंधार. आणि अंधारातून तुमचा आवाज, "अरेच्चा! लाइट गेली की काय?"

तुम्ही परत आलात, बादली रिकामीच. शेगडीच्या उजेडात मला ती स्पष्ट दिसली.  तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि मी म्हटलं, "गेलीच हो! ईरा, आजोबांचे टॉर्च आण बघू." एवढं एकच वाक्य मी तुमच्या बाजूनं टाकलं. समीर खिडकीशी गेला. "पॅटकडे पण अंधार आहे," तो म्हणाला. थोडा वेळ तिथंच उभा राहिला, मग पडदा ओढून घेऊन परत आला. "हो. सगळीकडेच गेली आहे."

पॅटकडे कसा अंधार, हे मला काही समजेना. मनात म्हटलं, देवानं तुमची बाजू घेतली. आपण शेगडीवर खिचडी केली. तुम्ही इतके खूश होतात की ईराला पाठोपाठ गोष्टी सांगितल्यात, आणि एकाही गोष्टीचा शेवट धड केला नाहीत. जेवणं झाल्यावर तुम्ही पुन्हा कोळसा आणायला गेलात, आणि काय योगायोग, लाइट आली!

मग समीरनं पुढच्या हिवाळ्यापर्यंत विषय काढला नाही, आणि त्यानंतरही नाही. तुम्ही आणखी दोन हिवाळे तुमच्या शेगडीपुढं, तुमच्या खुर्चीत राहिलात. मला ते 'टक' ऐकू आलं होतं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. कितीदा जिभेवर आलं. वाटायचं, सांगावं आणि दोघांनी मिळून खो खो हसावं. पण मग ती पैज मोडल्यासारखी झाली असती, आणि तुमचं राहणंही.

आता तुम्हाला माहीत नसलेल्या दोन गोष्टी सांगते.

पहिली, पॅटनं तेराव्याच्या दिवशी सांगितली. हातात श्रीखंडाची वाटी घेऊन ती म्हणाली, त्या शनिवारी त्यानं तिला आधी फोन केला होता... बघा, तिच्या इंग्रजीच्या नादात मी तुम्हाला अरेतुरे केलं! तर तुम्ही तिला म्हणालात, अंधार पडला की दिवे बंद करून बस, माझ्या जिवाचा प्रश्न आहे. ती बिचारी आपली आवडती मालिका सोडून मांजरांसकट अंधारात बसून राहिली. "आणि त्यानं मला दिवे कधी लावायचे ते सांगितलंच नव्हतं!" म्हणाली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही. मला जवळ घेऊन म्हणाली, आता माझ्या पायवाटेवर राख कोण टाकणार? मी म्हटलं, मी आहे ना. तेरा दिवस विस्तव मीच दाबत होते, राखही मीच टाकत होते.

दुसरी गोष्ट काल घडली.

समीर अजून रडला नव्हता. तो कामं करत सुटला होता. घर भाड्यानं द्यायचं, त्यासाठी शेगडी काढून भिंतीवर हीटर बसवायचे. भाडेकरूंना कोळसा कोण शिकवणार, हे त्याचं म्हणणं, आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. सोमवारी माणूस येणार, धुराडं बंद करणार. तो फोनवर हे ठरवत होता आणि मी त्या तड्यावरून बोट फिरवत बसले होते. तुम्ही असतात तर वाद घातला असतात. मला वाद सुचेना. अंधार पडायला लागला होता. मी बादली उचलली.

"कोळसा आणते," मी म्हटलं.

आणि जिन्याखालच्या कपाटात जाऊन मेन स्विच खाली ओढला. टक.

ईरा लगेच ओरडली, "लाइट गेली!" आणि आनंदानं टॉर्च आणायला धावली. समीर उठून खिडकीशी गेला. मी रिकामी बादली घेऊन येऊन उभी राहिले.

"मंजिरी."

"काय?"

"गेटजवळचा स्ट्रीट लॅम्प चालू आहे."

मी बादली खाली ठेवली.

"त्या वेळी पण चालू होता," तो म्हणाला.

दादा, त्याला माहीत होतं. पॅटला तुम्ही गप्प बसवलंत, पण रस्त्याचा दिवा तुमच्या ताब्यात नव्हता. तो दिवा बघूनच त्यानं पडदा ओढला होता, मला आणि ईराला दिसू नये म्हणून.

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"अगं, त्यांनी माझ्यासाठी एवढा मोठा ब्लॅकआउट अरेंज केला... मी कसा बोलणार?" आणि तो हसायला लागला. शेगडीसमोर तुमच्याच खुर्चीत बसून हसता हसता तो एकदम रडायला लागला, मोठ्यानं, लहान मुलासारखा. "मला फक्त ते पडायला नको होते, मंजिरी. बर्फात एकटे पडायला नको होते."

"नाही पडले," मी म्हटलं. "चहा संपवून गेले."

ईरा टॉर्च घेऊन त्याच्या मांडीवर चढून बसली. त्या दोघांवर शेगडीचा तांबूस उजेड पडला होता. इतक्या दिवसांत मला प्रथमच तुम्ही फार दूर गेलेले नाहीत असं वाटलं. किती आठवण येते तुमची, दादा! पण कालपासून ती आली की आधी हसू येतं, रडू त्याच्या मागून येतं.

खिचडी झाली. जेवून झाल्यावर समीरनं टॉर्चच्या उजेडात वायरच्या फोनवरून त्या माणसाला फोन केला आणि सोमवारी येऊ नका म्हणून सांगितलं. भाडेकरूही सध्या नकोत. मग वळून माझ्याकडे बघत म्हणाला, "शनिवार-रविवार आपण इथं येऊ. येत्या हिवाळ्यात लाइट एकदाही गेली नाही, तर शेगडी काढू. गेली, तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत विषय नाही."

"डन," मी म्हटलं.

तेव्हा दादा, पैज चालू आहे. काळजी करू नका. मेन स्विच कुठं आहे, ते आता आम्हाला सगळ्यांना माहीत आहे.